न्यूट्रल माझ्या हातून ढिला राहिला, आणि मी ते सांगितलं. चुकलं का?

देवगडचा_वायरमन
मंडळी, वाद घालायचाय म्हणूनच लिहितोय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका चाकरमान्यांच्या घरी मखराच्या लाइटिंगसाठी जादा डीबी (स्विच-फ्यूजची पेटी) बसवायला गेलो होतो. बोरवेलची मोटर असल्यामुळे घरात थ्री फेज आहे, म्हणजे तीन चालू वायरी आणि एक सामाईक न्यूट्रल, करंट परत जायची वायर. त्या दिवसातली माझी सहावी जागा. मेन पेटीत न्यूट्रल काढून परत बसवत होतो तेवढ्यात फोन आला, दुसऱ्या घरी फोकस लागत नाय, लवकर ये. स्क्रू दोन फेरे फिरवला, झाकण लावलं, निघालो. आवळून वायर खेचून बघायची राहिली. चौदा वर्षं हेच काम करतोय आणि तरी राहिली.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीच्या वेळी किचनचा फॅन रडत फिरायला लागला आणि हॉलमधला देवापुढचा पिवळा बल्ब हॅलोजनसारखा झगझगला, मग उडाला. फ्रीज गेला, टीव्ही गेला, इन्व्हर्टरमधून धूर. धावत गेलो, मीटर लावला तर दोन फेजवर ३०० च्या आसपास आणि तिसऱ्यावर १३०. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळलं असेलच, न्यूट्रल सुटला की २३० नीट वाटलं जात नाय, एका फेजवर कमी, बाकीच्यांवर जादा. झाकण उघडलं तर न्यूट्रल काळा पडलेला आणि बोटाने हलतोय.

घरात सगळेच बोलत होते की वरून जादा व्होल्टेज आलं, या वीज कंपनीचं नेहमीचंच. मला एक शब्द बोलायची गरज नव्हती. पण सकाळी जाऊन सांगितलं, काका, ते वरून नाय आलं, माझ्याकडून स्क्रू ढिला राहिला. आता माझा पार्टनर बोलायचा बंद झालाय. तुम्हीच सांगा.

खारा_वारा
स्पष्ट बोलतो, गाढवपणा केलास. अॅल्युमिनियमची वायर आपोआप दबते आणि स्क्रू सैल पडतो, त्यात आपल्याकडची खारी हवा, पत्र्याच्या पेट्या दोन पावसाळ्यात सडतात. तूच ढिला ठेवलास हे कोण सिद्ध करणार होतं? तू शंभर घरं चांगली केलीस ती कोणाच्या लक्षात राहणार नाहीत, ही एक देवळात, सलूनमध्ये, सगळीकडे बोलली जाणार. उद्या त्या वाडीत कोणाचा मिक्सर जळला तरी फोन तुलाच.

सुकट_बोंबील
रे बाबा, सांगितलंस ता बरा केलंस, पण आता जो तो तुकाच धरतलो ह्या पण खरा आसा.

जुना_लाईनमन
खारा_वारा, "वरून आलं" म्हणायला सोपं आहे, पण ते "वर" म्हणजे कोण असतं माहितीये का? आम्ही. गणपतीत पाऊस लागलेला असतो, कंप्लेंट आली की पोरगा डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) चढून न्यूट्रलचे जंपर, म्हणजे जोडवायरी, चाचपतो, आणि दोष कुणाच्या तरी हॉलमधल्या पेटीत असतो. मी रिटायर झालो तरी ते चढणं अजून गुडघ्यात आहे.

आणि हे तर फ्रीज टीव्हीवर निभावलं. २०२० ला निसर्ग वादळात रायगडला पोल आडवे झाले होते तेव्हा आम्ही मदतीला गेलो होतो. बऱ्याच घरांत लोक जनरेटर सरळ सॉकेटला जोडतात, मेन बंद करत नाहीत. तो करंट सर्व्हिस वायरने उलटा जातो, डीपीत त्याचं व्होल्टेज चढतं आणि तो ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाइनवर येतो, ज्या लाइनला माणूस बंद समजून हात लावतो. म्हणून आम्ही शटडाऊन घेऊनही लाइन शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय हात लावायचो नाही. एका घरात विचारलं, जनरेटर चालू होता का? नाही म्हणाले. मागच्या पडवीत सायलेन्सर गरम लागला हाताला. त्या "नाही"चा राग मला अजून आहे, जनरेटरचा नाही.

खारा_वारा
काका, तुमचा मान राखून बोलतो, पण तुम्ही पगारी माणूस होता. याला महिन्याला ठरलेलं काय आहे? लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करतो, तो उद्या याला काढून मोकळा. कबुली द्यायला पोट भरलेलं लागतं.

मुंबई_गाव_मुंबई
मी गिऱ्हाईकाच्या बाजूने. आमच्याकडेही असाच प्रकार झालाय, वेगळ्या माणसाने, तो अजून फोन उचलत नाही. त्यामुळे तुम्ही सांगितलंत त्याचा आदर आहेच. पण भरपाईचं काय? नुसतं "माझी चूक" म्हणून फ्रीज थंड होत नाही. कबूल केलंत तर पूर्ण पैसे द्या, नाहीतर ते स्वतःला बरं वाटावं म्हणून केलेलं काम.

मेगरवाला
आयटीआयला शिकवतो, म्हणून माझं जरा वेगळं. मला कबुलीत फार रस नाही, पोरं रोज कबूल करतात, "सर चुकलं", आणि दुपारी तेच करतात. तुझ्या बाबतीत खरा प्रश्न फोनचा आहे. पेटी उघडी असताना फोन का उचललास? आणि न्यूट्रल सुटला तर एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) पडत नाही, आरसीसीबीसुद्धा (लिकेजला पडणारा) नाही, कारण लिकेज नसतंच, गेलेला करंट दुसऱ्या फेजने परत येतो. बऱ्याच वायरमनना वाटतं आरसीसीबी लावला म्हणजे सगळं झालं. यासाठी वेगळा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं किंवा घसरलं की सप्लाय तोडणारा, लागतो, थ्री फेज घरात तो आग्रहाने लावायला सांग. झाकण लावायच्या आधी मीटरने तिन्ही फेज न्यूट्रलशी आणि एकमेकांशी बघायचे, तेही लोड टाकून (उपकरणं चालू ठेवून), कारण ढिला न्यूट्रल बिनलोडचा अगदी शहाण्यासारखा २३० दाखवतो.

खारा_वारा
हे मात्र बरोबर. लोड टाकून कोणीच बघत नाही. मीपण नाही.

मुंबई_गाव_मुंबई
मेगरवाला सर, पण ते न सांगता गेले असते तर त्या घरातल्यांनी नवीन फ्रीज त्याच ढिल्या न्यूट्रलवर लावला असता ना?

खारा_वारा
का लावतील? हा गुपचूप आवळून आला असता. मी असतो तर तेच केलं असतं. आवळणं वेगळं, बोंबलणं वेगळं.

जुना_लाईनमन
आणि काळा पडलेला लग (वायरच्या टोकाचा तुकडा), आत जळलेलं इन्सुलेशन, ते पण गुपचूप बदलणार? घरवाला विचारेल ना हा परत पेटी उघडून काय करतोय. एक खोटं बोललास की त्यावर दुसरं आलंच.

देवगडचा_वायरमन
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. पैशाचं: इन्व्हर्टरचं बोर्ड आणि टीव्हीची दुरुस्ती मी दिली, फ्रीजचं काकांनी घेतलं नाही, म्हणाले पुढच्या वर्षीच्या लाइटिंगमध्ये कापू. ही उदारी की पुढच्या वर्षी मला बांधून ठेवणं ते त्यांनाच ठाऊक. फोनचं: सर, कबूल. पेटी उघडी असताना फोन गाडीच्या डिकीत.

आणि एक गोष्ट वर लिहिली नव्हती, म्हणजे लिहिताना टाळली. त्या रात्री पहिला फोन आला तेव्हा मीच म्हणालो होतो की वरून आलं असेल, कंप्लेंट टाका. त्यांनी टाकली पण. पावसात दोन पोरं येऊन डीपी तपासून गेली. सकाळी खरं बोललो ते त्यांच्या ओल्या रेनकोटमुळे, फार काय साधुसंत म्हणून नाही. लाईनमन काका, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा वाचून जरा गप्पच झालो.

कालपासून या सीझनला जिथे जिथे न्यूट्रल काढला होता ती सात घरं फिरतोय, "चेकिंग फ्री" म्हणून. पाच व्यवस्थित. दोन ठिकाणी स्क्रू अर्धा फेरा अजून फिरला. आवळला.

खारा_वारा
आणि त्या दोन घरी काय सांगितलंस?

देवगडचा_वायरमन
अजून काय नाय सांगितलं. चहा पिऊन आलो.

खारा_वारा
😀 ये आता आमच्या बाजूला.

देवगडचा_वायरमन
उद्या परत जातोय. कटऑफ बसवून घ्या म्हणून सांगायचंच आहे, का बसवायचा ते विचारतीलच.