सत्कार करताय? पण त्या माणसाला विचारलंत का?

टिपणवही

गुपचूप ठरवलेले सत्कार बंद व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मित्रमंडळी आणि सहकारी महिनाभर कुजबुजत तयारी करतात, माणसाला भलतंच कारण सांगून सभागृहात आणतात. दार उघडलं की टाळ्या, मग मानपत्र, मग "दोन शब्द बोला". त्या क्षणी त्याच्या हातात काय उरतं? हसणं.

गर्दीसमोर ज्याला घाम फुटतो, ज्याच्या घरी आजारपण चालू आहे, सन्मान देणाऱ्या संस्थेचं काम ज्याला मनातून पटत नाही, त्याने काय करायचं? सगळे उभे राहून टाळ्या वाजवत असताना "मला हे नको" म्हणणारा माणूस उद्धट ठरतो. म्हणून तो घेतो, फोटो काढून घेतो आणि घरी जाऊन चडफडतो.

मोठ्या सन्मानांत ही अडचण काही ठिकाणी सोडवलेली आहे. ब्रिटनमध्ये किताब जाहीर होण्याआधी त्या व्यक्तीला गोपनीय पत्र जातं: स्वीकाराल का? होकार आला तरच नाव यादीत जातं. नको असेल तर बोभाटा न करता नको म्हणता येतं. उलट उदाहरण फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रचं. १९६४ मध्ये त्याने स्वीडिश अकादमीला आधीच पत्र लिहून साहित्याच्या नोबेलसाठी आपला विचार करू नका असं कळवलं होतं. पण ते पोचेपर्यंत निवड होऊन गेली होती. मग जाहीर नकार आणि जगभर गाजावाजा. तो सार्त्र होता म्हणून निभावलं. क्लबातल्या, कचेरीतल्या, वस्तीतल्या सत्कारात नकाराची सोयच ठेवलेली नसते.

दीडशहाणा

साफ असहमत. विचारून बघाच एकदा. ज्याचा सत्कार खरोखर व्हायला हवा तो म्हणणार, "कशाला उगाच, दुसऱ्या कुणाचा तरी करा." आणि दुसऱ्या जातकुळीचा माणूस लगेच विचारणार की प्रमुख पाहुणे कोण आहेत. तुमचा नियम लागू झाला तर वर्षभरात फक्त या दुसऱ्यांचेच सत्कार होतील.

शिवाय आपल्याला वाटते तेवढी समोरच्याची पंचाईत होत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. पत्र मिळालेल्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघालं. "त्याला आवडणार नाही" ही बहुतेक वेळा आपलीच धाकधूक असते.

आणि २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल आठवा. समितीला पॉल मिलग्रोम फोनवर सापडेना. तेव्हा त्यांच्याबरोबरच पुरस्कार मिळालेले रॉबर्ट विल्सन, एके काळचे त्यांचे मार्गदर्शक आणि आता समोर राहणारे शेजारी, मध्यरात्री पत्नीसह त्यांच्या दाराशी गेले आणि दार ठोठावून बातमी दिली. दारावरच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं गेलंय. तो व्हिडिओ पाहून कुणाला वाटेल की आधी परवानगीचं पत्र पाठवायला हवं होतं?

टिपणवही

@दीडशहाणा, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. पत्र माणूस एकटा वाचतो. रडू आलं तर रडतो, नाही आवडलं तर खणात टाकतो. त्या प्रयोगात टाळ्या नव्हत्या, माईक नव्हता. आणि मिलग्रोमच्या दारात जोडपं उभं होतं, सभागृह नव्हतं. माझा आक्षेप आश्चर्याला नाहीच, प्रेक्षकांना आहे.

मागचा बाक

सत्कारमूर्तीचं सोडा. वर्गणीचं बोला. वरिष्ठांच्या सत्काराला कनिष्ठांकडून पैसे गोळा होतात, तेव्हा 'स्वेच्छेने' असं लिहिलेलं असतं आणि शेजारी नावांची यादी फिरत असते. गुपचूप असल्यामुळे त्या वरिष्ठांना यातलं काही कळत नाही. कळलं असतं तर त्यांनीच बंद पाडलं असतं.

विंगेतली

अशा कार्यक्रमांची पडद्यामागची हमाली मी बरीच केली आहे, म्हणून लिहिते. इथली चर्चा भावनांवर अडकली आहे. खरी गंमत मजकुरात असते.

गुपित ठेवायचं म्हणजे ज्याच्याबद्दल मानपत्र लिहायचं त्यालाच काही विचारता येत नाही. मग माहिती येते घरच्यांच्या आठवणीतून, जुन्या अहवालांतून आणि "मला वाटतं त्यानेच सुरू केलं होतं" छापाच्या गप्पांतून. सालं चुकतात, पदं चुकतात, ते एक वेळ चालतं. श्रेय चुकलं की पंचाईत. एका सत्कारात, ज्या उपक्रमासाठी मानपत्र दिलं तो मुळात दुसऱ्याच सहकारी बाईंनी उभा केलेला होता, आणि त्या तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. सत्कारमूर्तीने भाषणात त्यांचं नाव घेतलं, मोकळेपणाने घेतलं. पण मानपत्र चौकटीत बसवून झालं होतं, आणि बातमीत मानपत्रातलाच मजकूर छापून आला. आधी नुसता मसुदा दाखवला असता तर त्याने पहिल्या पाच मिनिटांत ती ओळ खोडली असती.

दुसरं, "घरच्यांना विचारलंय" हे वाक्य. आयोजकांचा हा हुकमी एक्का. २०२२ मध्ये पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्यांनी पद्मभूषण नाकारलं, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की मला कुणी काही सांगितलेलं नाही. आणि सरकारी बाजू अशी आली की घरी फोन केला होता, तो त्यांच्या पत्नीने घेतला. त्यांच्या नकाराचं राजकारण बाजूला ठेवा. एवढ्या वरच्या पातळीवरसुद्धा घरच्यांशी झालेलं बोलणं त्या माणसाचा होकार म्हणून पुरलं नाही.

दीडशहाणा

@विंगेतली, चुकीचं श्रेय हा आळशी आयोजकांचा दोष, आश्चर्याचा नव्हे. त्या बाईंनाच आधी विचारलं असतं तरी गुपित टिकलं असतं आणि ओळही बरोबर आली असती.

आणि टिपणवही, नकार देता येत नाही हेही खरं नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'धिस इज युअर लाइफ' नावाचा कार्यक्रम होता. नावाजलेल्या माणसाला बेसावध गाठायचं आणि मित्र, नातेवाईक, जुने सहकारी एकेक करून समोर आणायचे. १९६१ मध्ये टॉटनहॅम फुटबॉल संघाचा कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर सरळ नाही म्हणाला आणि निघून गेला. त्याचं काही अडलं नाही.

टिपणवही

साठ वर्षं उलटून गेली तरी तुम्हाला तो नकार सालासकट आठवतोय. अडलं नाही कसं?

मागचा बाक

😀 +१

गुळगुळीत दगड

मला वाटतं देणारा कोण हे विसरलं जातंय. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९२ आणि २००५ अशा दोन्ही वेळा पद्मभूषण नाकारलं. आपण फक्त शैक्षणिक संस्थांकडून किंवा आपल्या कामाशी संबंधित असलेल्यांकडून सन्मान घेतो, ही त्यांची भूमिका. सोबत काम केलेल्यांनी दिलेलं वेगळं असतं ते यासाठी: त्यांनी तुमच्या चुकाही पाहिलेल्या असतात. विद्यापीठांत एखाद्या प्राध्यापकासाठी त्याचे विद्यार्थी आणि सहकारी लेख जमवून गौरवग्रंथ काढतात. बऱ्याचदा त्याला शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. पण त्यात लिहिणारा प्रत्येकजण स्वतःचं काम घेऊन येतो. प्रकाशनाचा घाट न घालता नुसता ग्रंथ हातात ठेवला तरी चालतो.

रोटरीत 'पॉल हॅरिस फेलो' हा सन्मान आहे. त्यांच्या फाउंडेशनला ठरावीक रक्कम दिली की तो मिळतो, आणि दुसऱ्याच्या नावानेही ती रक्कम देता येते. म्हणजे सन्मान मिळालेला माणूस अवघडला तरी पैसे योग्य कामाला लागलेले असतात. मानपत्राच्या चौकटीपेक्षा हे मला केव्हाही पटतं.

विंगेतली

पटतंय. पण तिथेही बिल्ला लावायला व्यासपीठावर बोलावतातच.

माझा आता साधा रिवाज आहे. आश्चर्य ठेवायचंच असेल तर तारखेचं आणि माणसांचं ठेवते. सन्मान होणार आहे हे आधी सांगते, मानपत्राचा मसुदा दाखवते, भाषण करायचं की नाही ते विचारते. लांबचा जुना सहकारी येणार आहे हे मात्र सांगत नाही. आजवर कुणाचा आनंद यामुळे आटलेला पाहिला नाही.

दीडशहाणा

आनंद आटत नसेल, पण भाषण आटतं. आधी कळलं की माणूस कागद घेऊन येतो आणि वीस मिनिटं सगळ्यांचे आभार मानतो. बेसावध गाठलेला माणूस चार वाक्यं बोलतो, तीही अडखळत, आणि तेवढीच लोकांच्या लक्षात राहतात. त्या चार वाक्यांसाठी मी यापुढेही खोटं बोलून लोकांना सभागृहात आणणार.

टिपणवही, उद्या तुमचंच नाव ठरलं आणि आम्ही गुपचूप तुमच्या घरी फोन केला, तर घरच्यांनी काय सांगायचं?

टिपणवही

"तिलाच विचारा" असं सांगायचं. घरात तशी सूचना देऊन ठेवली आहे. आणि मानपत्र ईमेलने पाठवा, शुद्धलेखन तपासून परत पाठवते.