पावसाळ्यात हरिश्चंद्रगड : वडिलांना घेऊन कोणत्या वाटेने आणि केव्हा जावे?

मृण्मयी, ठाणे

माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. १९८० च्या सुमारास, महाविद्यालयात असताना, ते ऐन जुलैत खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेले होते. दोन दिवसांच्या मुक्कामात त्यांना ना कोकणकडा दिसला ना तारामतीचे शिखर. धुक्यातून चालता चालता हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचा कळस अचानक पुढ्यात उभा राहिला, ही एकच आठवण ते आजवर सांगत आले आहेत. आता निवृत्तीनंतर तोच गड पुन्हा पाहायचा आहे, आणि तोही पावसातच, असा त्यांचा हट्ट आहे. प्रकृती उत्तम आहे, रोज पाच-सहा किलोमीटर चालणे आहे; मात्र उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. माझा स्वतःचा अनुभव लोहगड आणि राजमाचीपुरताच आहे. जुलैच्या अखेरीस जाण्याचा विचार आहे. वाट कोणती धरावी, आणि केदारेश्वराच्या गुहेत पावसाळ्यात उतरता येते का? त्या वेळी गुहा पाहायची राहून गेली, याची रुखरुख वडिलांना अजून आहे.

सह्यवाटा

मृण्मयीताई, वडिलांच्या आठवणीतली वाट आणि आता धरायची वाट या दोन वेगळ्या ठेवाव्यात, असे मला वाटते. खिरेश्वरची वाट सुंदर आहे. पायथ्याचे नागेश्वर मंदिर, खिंडीतले व्याघ्रशिल्प, खाली पिंपळगाव जोगे धरणाचा पसारा, हे सारे त्या वाटेवर मिळते. पण ती लांब आहे. खिंडीच्या वर कातळाचा चढ लागतो. तिथे आधाराला लोखंडी दांडे आहेत, तरी पावसात तो दगड शेवाळून जातो. खरी अडचण मात्र त्याच्याही पुढे आहे. कातळ चढून गेल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि तिथूनच मंदिरापर्यंतचा एकामागून एक टेकाडांचा लांबलचक माळ सुरू होतो. धुके उतरले की प्रत्येक टेकाड आधीच्यासारखेच दिसते, गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटतात, आणि सरावाच्या माणसांनाही तिथे चकवा लागलेला मी पाहिला आहे. आम्ही चौघे एकदा ऑगस्टमध्ये त्याच माळावर दोन तास फिरून पुन्हा त्याच दगडापाशी आलो होतो. मंदिराच्या घंटेचा आवाज आला नसता, तर रात्र तिथेच काढावी लागली असती.

त्यामुळे आपण पायथ्याच्या पाचनई गावातून जावे. ठाण्याहून घोटी-राजूरमार्गे गेल्यास माळशेज घाट टळतो, हाही फायदाच, कारण जुलैत त्या घाटात दरड कोसळली की रस्ता केव्हा मोकळा होईल याचा भरवसा नसतो. पाचनईहून मंदिरापर्यंत सावकाश चालून अडीच ते तीन तास लागतात. वाट गडाच्या उभ्या कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. पावसाळ्यात त्या भिंतीवरून पाण्याच्या धारा थेट वाटेवर पडत असतात, आणि काही ठिकाणी भिंत इतकी पुढे झुकली आहे की पडत्या पाण्याच्या आतल्या बाजूने कोरडे चालता येते. वडिलांना हा टप्पा नक्की आवडेल.

या वाटेवर जपायचे ते ओढ्यांना. गडमाथा कातळाचा आहे आणि त्यावर मातीचा थर पातळ आहे, त्यामुळे पडलेले पाणी फारसे मुरत नाही. ते लगेच ओढ्याला लागते. अर्ध्या तासाच्या जोरदार सरीने घोट्याएवढा ओढा मांडीपर्यंत चढू शकतो. मात्र सर थांबली की तो तितक्याच लवकर ओसरतो. म्हणून पाणी गढूळ होऊन आवाज बदलला की पलीकडे जाण्याची घाई करू नये. कातळाच्या आडोशाला बसून तास-दीड तास वाट पाहावी. परतीसाठी दिवसाचे पुरेसे तास हाताशी ठेवले, म्हणजे अशी वाट पाहता येते. सकाळी सातला पायथा सोडावा, दुपारी एकच्या पुढे वर थांबू नये.

देऊळवेडा

वाटेबद्दल वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गुहेबद्दल मात्र आपल्या वडिलांची निराशा करावी लागणार. केदारेश्वराची गुहा मंदिरापासून थोडी खाली, ओढ्याच्या पात्रालगत आहे. मोठ्या शिवलिंगाभोवती बारमाही पाणी असते, आणि चार खांबांपैकी आता एकच अखंड उभा आहे. (चार खांब म्हणजे चार युगे, आणि शेवटचा ढळला की कलियुग संपणार, ही कथा वाटाड्या सांगितल्याशिवाय राहणार नाही.) हिवाळ्यात त्या बर्फगार पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात मात्र गुहेच्या तोंडाशीच ओढ्याचा लोंढा वाहत असतो आणि आत जाणे शक्य नसते. दोरी धरून पलीकडे नेऊ, असे कोणी म्हणाले तरी ऐकू नये.

मुख्य मंदिर मात्र पावसातच पाहावे, या मताचा मी आहे. ओल्या दगडावर कोरीवकाम उठून दिसत नाही, सगळे एकसारखे काळे होते, हे खरे. पण या स्थळाची रचनाच पाण्याभोवती झालेली आहे, ती कोरड्या दिवसांत निम्मीच कळते. मंदिराच्या पूर्वेला काठोकाठ भरलेली पुष्करणी आणि तिच्या काठचे मूर्तींसाठीचे रिकामे कोनाडे, परिसरात कातळात खोदलेली टाकी, तिथूनच वाट काढत निघालेली मंगळगंगा, हे सगळे त्या दिवसांत एका नजरेत जुळून येते. मंदिर शिलाहारकालीन, म्हणजे ढोबळ मानाने अकराव्या-बाराव्या शतकातले मानतात. चांगदेवांनी येथे तप केले, अशी परंपरा आहे आणि त्यांचा उल्लेख करणारा शिलालेखही येथे आहे. अंगणातल्या गुहा आणि भिंतींवरची अक्षरे पाहायला विजेरी जवळ ठेवावी, कारण ढगाळ दिवशी आत भर दुपारीही दिसत नाही. आणि विनंती अशी की अक्षरांवरून हात फिरवू नये, खडूने ती रंगवू तर मुळीच नये.

ढगफुटी_नाशिक

मी जरा वेगळे सांगतो. जुलैच का? सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. पाऊस असतो, पण उघडीपही असते. सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, ओढे आटोक्यात आलेले असतात आणि कोकणकडा दिसण्याची शक्यता निदान अर्धी तरी असते. जुलैत कड्यावर उभे राहून पांढऱ्या भिंतीकडे पाहण्यासाठी एवढी पायपीट कशाला करायची?

शिवाय इंद्रवज्राचा योगही पावसाळा सरतानाच अधिक. कड्याचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरची दरी ढगांनी भरलेली असली, तर ढगांतल्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश उलट आपल्याकडेच येतो आणि गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध आपली स्वतःची सावली दिसते. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते येथे एकोणिसाव्या शतकात पाहिल्याचे सांगतात. मी अकरा वेळा गेलो, मला एकदाच दिसले, तेही जेमतेम पाच मिनिटे. दरीत ढग आणि माथ्यावर ऊन, असे दोन्ही एकाच वेळी असावे लागते. जुलैत ऊनच मिळत नाही.

पाचनईचा_पाहुणा

दरवर्षी पावसाळ्यात दोनदा तरी पाचनईला मुक्काम करतो, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. वर गुहेत मुक्काम करण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा. गुहा पाझरतात, जमीन ओली असते आणि रात्रीची थंडी गुडघ्याला सोसणार नाही. आदल्या दिवशी उजेडात गावात पोहोचावे. घरगुती सोय होते, चुलीवरची भाकरी आणि पिठले मिळते, आणि ओले कपडे चुलीजवळ वाळतात, हे सुख वेगळेच. गावातलाच वाटाड्या घ्यावा. आज ओढ्याला किती पाणी आहे हे त्याला घराच्या ओट्यावरून कळते. आपल्याला भ्रमणध्वनीवर ते कळत नाही, तिथे संपर्कही धड मिळत नाही.

गुडघ्यासाठी दोन काठ्या न्याव्यात, एक नव्हे. छत्री गाडीतच ठेवावी. त्या वाऱ्यात तिचा उपयोग नाही आणि हात अडकतो. शनिवार-रविवार पूर्णपणे टाळावा, कारण गर्दीच्या दिवशी अरुंद टप्प्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात आणि वयस्क माणसाला निसरड्या दगडावर तिष्ठत उभे राहावे लागते. कोकणकडा मंदिरापासून साधारण अर्ध्या तासावर आहे. वडिलांचे पाय थकले नसतील आणि वाटाड्या हो म्हणाला, तरच पुढे जावे. कड्याच्या कडेपासून चांगले अंतर ठेवावे. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याचा झोत थांबला की माणसाचा तोल पुढे जातो.

मृण्मयी, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. सप्टेंबरचा प्रस्ताव त्यांनी ऐकून घेतला आणि "मला कडा पाहायचा नाही, कळस पाहायचा आहे," एवढेच म्हणाले. त्यामुळे मधला मार्ग काढला आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी पाचनईला मुक्काम, बुधवारी सकाळी चढाई, आणि ओढा चढलेला असेल तर गुरुवार राखीव. केदारेश्वरासाठी जानेवारीत पुन्हा यायचे, असे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकले आहे. गावात घरगुती मुक्कामासाठी आधी कळवावे लागते का, एवढे कृपया सांगावे.

पाचनईचा_पाहुणा

आठवड्याच्या मधल्या दिवशी जागेची अडचण येत नाही, पण दोन दिवस आधी कळवलेले बरे, म्हणजे जेवणाची तयारी होते. गुरुवारचीही कल्पना आताच देऊन ठेवा.