हिरवी बिअर, हिरवा बेगल... खरंच चांगलं लागतं का?

पोपटी_पालवी
जानेवारीत शिकागोला आलेय. १७ मार्चला ऑफिसात सेंट पॅट्रिक्स डेचं (आयरिश लोकांचा हिरव्या रंगाचा सण) पॉटलक आहे आणि प्रत्येकाने काहीतरी हिरवं आणायचंच, असं बजावलंय. घराखालच्या बेकरीत आतापासूनच पोपटी बेगल (कड्यासारखे पाव) मांडलेत. हिरवी बिअर, हिरवा शेक हे सगळं चवीला बरं असतं, की नुसतं फोटोपुरतं? आणि मी शाकाहारी, काय नेऊ?

नेपरव्हिलकर
बिअरचं आधी सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाहीच. साधी फिकट लागर आणि खायच्या रंगाचे चार थेंब. कित्येक बारवाले निळाच टाकतात, बिअर मुळात पिवळी, झाली हिरवी. चवीत काडीचा फरक नाही. पण रंगाखाली बहुतेक ठिकाणी पाणचट बिअर खपवतात. वर जीभ हिरवी.

बेगल तसाच, नेहमीच्या कणकेत रंग. टोस्ट मात्र करू नका, कडा शेवाळी-तपकिरी होतात आणि मग घास उचलवत नाही.

मॅकडोनाल्डचा शॅमरॉक शेक १९७० पासून आहे, त्यात पुदिन्याचा स्वाद १९८३ ला आला. पुदिना म्हटल्यावर आपली चटणी डोळ्यांपुढे आणू नका! एसटीत मळमळू नये म्हणून चघळायची पेपरमिंटची गोळी थंड दुधात विरघळवली, की झाला शेक. लेक आवडीने पिते, मला चार घोट पुरतात.

शिकागो नदी मात्र बघाच. १९६२ पासून प्लंबरांची युनियन ती या सणासाठी रंगवते. भुकटी चक्क नारिंगी असते, पाण्यात पडली की हिरवीगार! यात चवीचा प्रश्न नाही, पण जागा हवी तर सकाळी लवकर जा.

कोथिंबीर_जुडी
ताई, कोथिंबीर वडी न्या की! रंगबिंग काही लागत नाही.

नेपरव्हिलकर
वडीला माझी ना नाही, पण काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते, ते जनुकांतच असतं. मी एकदा मोठा डबा नेला होता, निम्मा परत आला. रात्री मीच संपवला, तक्रार नाही.

त्यापेक्षा कोलकॅनन करा. अस्सल आयरिश आणि शाकाहारी. रसेट बटाटे उकडून गरम असतानाच हाताने कुस्करा, मिक्सरला लावाल तर चिकट लगदा होईल. केलची (कोबीच्या जातीची पालेभाजी) पानं मिठाच्या पाण्यात उकळून घट्ट पिळा, इथे आळस केला की सगळं पचपचीत. मग गरम दूध, कांद्याची पात, मिरपूड, आणि मध्ये आळं करून वितळलेलं लोणी. लोण्यात कंजुषी नको.

डब्लिनचा_दादा
अगदी! हिरवी बिअर इथल्या लोकांना अमेरिकेचंच खूळ वाटतं. तिकडचं ते कॉर्न्ड बीफ-कोबीसुद्धा (खारवलेलं गोमांस आणि कोबी) न्यूयॉर्कला गेलेल्या आयरिश लोकांनी धरलं, इथे घरोघरी बेकन-कोबी. कोलकॅनन मात्र आमच्या कँटीनमध्येही असतं. केल नसेल तर कोबी चालतो, फक्त हिरवा दिसत नाही.

पोपटी_पालवी
मग कोलकॅननच! केल आणलाय. दादा, एखादी हिरवी मिरची बारीक चिरून घातली तर?

नेपरव्हिलकर
घाला, पण डब्यावर चिठ्ठी लावा.