कामातला उत्साह: तुमचा कुठून आला, कशावर टिकला?

आपल्या रसशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानला आहे. हर्ष आणि आवेग यांची गणना संचारी भावांत होते. ते येतात आणि जातात. नोकरीत मला हा भेद फार उशिरा उमगला. म्हणून सगळ्यांना विचारते: तुम्हाला यशापर्यंत नेणारा उत्साह कुठून आला, आणि कंटाळवाण्या दिवसांत तो कशावर तगला? घडलेलं लिहा. सुरुवात मी करते.

हिशेबाच्या कामात मी आवडीने आले नाही. नोकरी हवी होती. दोन वर्षं दिवस ढकलले. एका महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे नावे आणि जमेच्या बेरजांचा मेळ, जुळेना, फरक २७ चा. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद न बघताच विचारलं, "९ ने भाग जातो ना? मग कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत." अर्ध्या तासात सापडलं. ५४६३ च्या जागी ५४३६ लिहिलं होतं. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. असं का होतं ते घरी कागदावर मांडून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की कामाची वेळ संपूनही मी कामातच आहे, आणि कुणी सांगितलेलं नाही. तिथून पुढे चूक शोधणं हे मला कोडं वाटू लागलं. काही वर्षांनी लेखापरीक्षणाची सगळी पूर्वतयारी माझ्याकडे आली. आधी आवड, मग कौशल्य, असं ऐकत आले होते. माझ्या बाबतीत क्रम उलटा निघाला.

*

माझा उत्साह पहिल्या दिवसापासून होता, पण लोकांना त्याचा जाच व्हायचा. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हात कधी स्वच्छ करायचे याच्या ५ वेळा जागतिक आरोग्य संघटनेने नेमून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरातल्या स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. मी प्रत्येकाला टोकायचे, डॉक्टरांनाही. हळूहळू ड्यूटीवर माझ्याशी कामापुरतंच बोललं जाऊ लागलं.

त्या दिवसांत सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांबद्दल वाचलं. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं, ते जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढा पुरावा हाताशी असून बहुतेक सहकाऱ्यांना त्यांचं म्हणणं पटलं नाही. पुढे ते विरोधकांना जळजळीत जाहीर पत्रं लिहीत राहिले आणि १८६५ मध्ये मनोरुग्णालयात वारले. हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. त्यांची तळमळ खरी होती, औषधही खरं होतं.

मग टोकणं बंद केलं आणि लोक हात स्वच्छ करणं का टाळतात ते बघत बसले. हात स्वच्छ करायच्या द्रवाची बाटली दाराजवळ, बेसिनशी होती. घाईत खाटेपासून तिथवर कोण जाणार? परवानगी काढून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एकेक बाटली अडकवली. तिसऱ्या महिन्यात स्टोअरमधून विचारणा झाली, "सिस्टर, एवढ्या बाटल्या जातात कुठे?" माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं कौतुक मी त्यालाच मानते.

*

या विषयाची दुसरी बाजूही इथे यायला हवी. "द्या, मी करतो" म्हणणारा मी. सॉफ्टवेअरच्या कामात त्यावर बढत्या मिळाल्या, हे नाकारत नाही. पण मग रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायला लागला. लोकांचे निरोप वाचले की चिडचिड व्हायची. जे काम तासात उरकायचं, त्याला दिवस लागायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन रोगांच्या वर्गीकरणात दिलं, आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्यात ३ खुणा आहेत: शक्ती आटल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि उरक कमी होणं. तिन्ही माझ्यात होत्या.

साहेबांना सांगितलं की तीनपैकी एकच जबाबदारी ठेवेन. एक बढती हुकली. पण संथ चालणारी प्रणाली वेगवान करण्याचं जे काम मी ठेवलं, त्यात अजून जीव रमतो. टीम चालवणाऱ्यांना कळकळीने सांगतो: जो माणूस नाही म्हणत नाही, त्याच्या टेबलावर शेवटचं काम ठेवण्याआधी त्याला एकदा विचारा.

*

मी शिक्षिका. तोच धडा विसाव्यांदा शिकवताना आवाजात आणलेला उत्साह मुलं लगेच ओळखतात. म्हणून दरवर्षी एक तरी असा प्रश्न वर्गात नेते, ज्याचं उत्तर मलाही ठाऊक नसतं. तेवढ्यावर वर्ष निघतं.

*

मी वेल्डर. शिकाऊ असताना माझ्या जोडात छिद्रं यायची. उस्ताद रागवायचे नाहीत, जोड कापून समोर ठेवायचे. कारण कळायला वेळ लागला: कमी हायड्रोजनचे रॉड मी उघड्यावर ठेवायचो, ते हवेतली ओल धरायचे. अशा ओल्या रॉडने जोडात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर तडाही जाऊ शकतो. तेव्हापासून रॉड कोरडे ठेवणाऱ्या ओव्हनमधून लागतील तेवढेच रॉड काढायची सवय लावली.

जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या तुकड्यांवर जोड मारायचो, कापायचो, घासून आतलं रूट, म्हणजे जोडाचा तळाचा पहिला थर, बघायचो. प्रत्येक तुकड्यावर किती करंट ठेवला होता ते लिहून डब्यात टाकायचो. पुढे ६जी चाचणी दिली. त्यात पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो, तो फिरवायचा नसतो. आपणच त्याच्याभोवती वाकायचं, डोक्यावरचाही जोड मारायचा. पहिल्यांदा रूटमध्येच नापास झालो. डबा उघडला, जुने तुकडे पुन्हा बघितले, करंट थोडा बदलून महिनाभर तेवढंच केलं. दुसऱ्यांदा पास.

आता नवीन पोरं माझ्या हाताखाली येतात. आवड आहे का, असं मी विचारत नाही. जोड संपल्यावर स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, झाडून कोण वाकून बघतं, ते बघतो. गेल्या आठवड्यात एक मुलगी रुजू झाली. सुट्टी झाली, सगळे गेले, आणि ती कापलेला तुकडा हातात धरून उजेडाच्या दिशेने फिरवत उभी होती. मी कपाटातून माझा तो डबा काढून तिला दिला.