मदत हवी आहे: जुन्या दगडी वाड्याचे मूळ रूप राखून भूकंपासाठी मजबुतीकरण

नमस्कार.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ आमचा वडिलोपार्जित दुमजली वाडा आहे. भिंती चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाच्या, आत सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौले. छप्पर शाकारताना एका कोपऱ्यात दोन भिंतींच्या सांध्यावर उभी भेग दिसली. ती वर रुंद असून खाली निमुळती होत जाते. तेथील सैल दगड काढला तेव्हा भिंतीची आतली व बाहेरची बाजू वेगवेगळी असून मध्ये कपच्या आणि पीठ झालेला चुना भरलेला आढळला. दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड कुठेच लागला नाही. १९९३ साली किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती याच उणिवेमुळे फुगून कोसळल्या होत्या आणि ठाणे भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात येते, त्यामुळे काळजी वाटते.

एका अभियंत्यांनी लाकडी पाटणी (मजल्याची फळ्यांची जमीन) काढून काँक्रीटचा स्लॅब घालावा आणि भिंतींना जाळी मारून सिमेंटचा गिलावा करावा, असे सुचवले आहे. मला हे पटत नाही. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. इटलीत १९९७ च्या भूकंपात जुन्या दगडी भिंतींवर नंतर चढवलेली काँक्रीटची जड छपरे घातक ठरली. शिवाय सिमेंटमुळे भिंतीतली ओल कोंडते, आणि आपल्याकडच्या पावसात ती तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना कुजवणार.

आय.एस. १३९३५ या भारतीय मानकात भिंतीच्या दोन्ही बाजू जोडण्यासाठी आरपार छिद्रे पाडून, सळई घालून ती छिद्रे काँक्रीटने भरण्याची पद्धत दिली आहे. त्याला जोड म्हणून पोकळीत चुन्याचे पातळ ग्राउट (फटींत दाबाने भरायचे ओतीव मिश्रण) भरावे, तुळया पोलादी पट्ट्यांनी भिंतींशी जखडाव्यात आणि पाटणीवर फळ्यांचा दुसरा, तिरका थर ठोकावा, असा विचार आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: चुना इतका भुसभुशीत झालेला असताना ग्राउट आतपर्यंत पोहोचते का, आणि दाबाने भिंत फुगू नये म्हणून काय करतात? छपराखालच्या पातळीवर चारही भिंतींना बांधणारा पट्टा हवा, हे मान्य आहे. परंतु दर्शनी भागात नेमके तेथेच कोरीव लाकडी घोडे (छपराला आधार देणारे टेकू) आहेत. त्या भिंतीवर पट्टा फक्त आतून घेऊन कोपऱ्यांत पोलादी ताणसळ्या दिल्या तर चालेल का? चुन्याचे काम खरोखर जाणणारे गवंडी ठाणे किंवा नवी मुंबई परिसरात कोणाच्या माहितीत आहेत का?

पाडून पुनर्विकास करण्याचा पर्याय कृपया सुचवू नये. वाडा राखायचा हे घरात सर्वानुमते ठरले आहे. भेगेची छायाचित्रे व मोजमापे हवी असल्यास येथेच देईन.