मदत हवी आहे: केस स्टडीतले पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तर पेपरमध्ये दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचा विषय: कंपनीत नवी संगणक प्रणाली आली की मधल्या फळीतल्या मॅनेजरांच्या हातातले निर्णय कुठे जातात. तीन कंपन्यांच्या केस (एकेका कंपनीचा खोलात जाऊन अभ्यास) घेतल्या आहेत. पेपर परत आला. रिव्ह्यूअरचा शेरा असा: "तीन कंपन्यांवरून सगळ्यांबद्दल कसं बोलणार? शिवाय पद्धत काटेकोर नाही."

पहिल्या वाक्याला उत्तर आहे. केस म्हणजे सर्व्हेतला एक प्रतिसादक नव्हे, तिचा निष्कर्ष सिद्धांताला लावून बघायचा असतो, हे केस स्टडी पद्धतीवर पुस्तक लिहिणारा रॉबर्ट यिन १९८४ पासून सांगतोय. कॅथलीन आयझेनहार्ट या संशोधिकेने १९८९ मध्ये 'चार ते दहा' केस सुचवल्या आणि तो आकडा लोकांनी धरूनच ठेवला. डायर आणि विल्किन्स यांनी १९९१ मध्येच तिच्याशी वाद घातला होता, की एकाच केसच्या खोलात शिरण्यानेही चांगला सिद्धांत हाती लागतो.

घोडं अडलंय ते दुसऱ्या वाक्याशी. एका कंपनीत वरिष्ठ म्हणतात, "सगळ्यांना विचारूनच प्रणाली घेतली." गोदामाचे प्रमुख म्हणतात, "आम्हाला ट्रेनिंगच्या दिवशी कळलं." आणि बैठकीच्या मिनिट्सवर दोघांच्याही सह्या! 'ट्रायअँग्युलेशन केले' (म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या स्रोतांवरून पडताळली) हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं, पण स्रोत जुळलेच नाहीत तर पुढे काय, हे कुणी लिहीत नाही.

असा विरोध निष्कर्षात मांडायचा की पद्धतीच्या भागात? आणि कंपनीचं नाव गुप्त ठेवून पुराव्याची साखळी (कुठला निष्कर्ष कुठल्या पुराव्यावरून आला ते) कशी दाखवायची?

प्रतिसाद १: खरं कोण बोलतंय याचा निवाडा करत बसू नका. तुमचा विषयच अधिकाराचा आहे, म्हणजे हा विरोध निष्कर्षातच हवा. मात्र पर्यायी स्पष्टीकरणं आधी तपासा: मिनिट्स नंतर लिहून सह्या घेतल्या का? बैठकीचं निमंत्रण कुणाकुणाला गेलं होतं? गिबर्ट, रुइग्रोक आणि विकी यांनी २००८ मध्ये १० नियतकालिकांतल्या १५९ केस स्टडी तपासल्या. त्या केस स्टडींच्या लेखकांचा भर बाह्य वैधतेवर (निष्कर्ष इतरत्र लागू पडतो का) होता, आणि जास्त मूलभूत असलेल्या अंतर्गत वैधतेकडे (कारण-परिणामाचा दावा टिकतो का) आणि संकल्पना-वैधतेकडे (जे मोजायचं तेच मोजलं का) दुर्लक्ष. तुमचा रिव्ह्यूअरही त्याच वाटेचा दिसतोय.

प्रतिसाद २: नाव लपवा, कागद लपवू नका. 'कंपनी ब, दस्तऐवज ७, प्रणाली सुरू होण्याच्या ५ महिने आधी' असे संकेत द्या. तक्त्यात दावा, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा असे रकाने करा. तिसरा रकाना रिकामा असेल तर रिव्ह्यूअर बरोबर आहे असं समजा. :)

धागाकर्ती: दोघांचेही आभार. निमंत्रणाचा ईमेल मागवते. पण कंपनीने तो दिला नाही, तर 'मागितला, मिळाला नाही' हेही तक्त्यात लिहायचं का?

प्रतिसाद २: हो, लिहायचंच. कधी आणि कुणाकडे मागितला तेही टाका, फक्त पदनामाने.