मदत हवी आहे: ख्याल ऐकायला २,००० रुपयांच्या आत वायरवाले इअरफोन

फोनला जॅक नाही, टाइप-सी डोंगल (चार्जिंगच्या भोकात बसणारा जॅकचा जोड) लावतो. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. डग्ग्याची घुमक भरीव हवी, पण १५०-२५० हर्ट्झला (खर्जाच्या जरा वर) फुगवटा, म्हणजे जास्तीचा जोर, नको. त्यात तानपुरा गढूळ होतो. उलट ६-८ किलोहर्ट्झला (अगदी तीक्ष्ण आवाजांच्या पट्ट्यात) जोराचं टोक असलं की झांज आणि 'स'कार कानाला टोचतात. सध्याच्या जोडीवर इक्वलायझरमध्ये (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) ७ किलोहर्ट्झ ४ डेसिबलने उतरवलं की बरं वाटतं, म्हणजे आवड साधारण कळली. (कानात जाणाऱ्या रबरी टिप्स नीट बसवूनच तपासलंय; फट राहिली की आधी बासच गळतो.)

मूनड्रॉप चू २ घ्यावेत की सेव्हनहर्ट्झ झिरो २? दोन्ही ऐकलेल्यांनी सांगा: झिरो २ चा बास डग्ग्यापुरता राहतो, की गाणाऱ्याच्या आवाजावर चढतो?